भौतिक रसायन, पेपर दुसरा

“पण यात तर तुम्ही पास आहात,” सल्लागार बाई म्हणाल्या आणि पेन्सिल पुढच्या चौकटीवर नेली. त्यांच्या दृष्टीनं तो विषय तिथं संपला होता. टेबलावर एक मोठा आडवा कागद पसरलेला, त्यावर रसायनशास्त्राच्या पदवीचे सगळे विषय चौकटींत मांडलेले, एका चौकटीतून दुसरीत बाण गेलेले. हा झाल्याशिवाय तो नाही, तो झाल्याशिवाय पलीकडचा नाही. संध्याकाळच्या वर्गाला बसणाऱ्यांना कुठला विषय कुठल्या सत्रात घ्यायचा ते आखून देणं हे या बाईंचं काम होतं. वय तिशीच्या आतबाहेर, तीन रंगांच्या पेन्सिली, हसरा चेहरा. शेजारच्या संगणकावर तिचं सव्वीस वर्षांपूर्वीचं रेकॉर्ड उघडलेलं होतं, आणि समोरच्या खुर्चीत मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेल्या तिनं आत्ताच, धीर गोळा करून, नवऱ्यालाही कधी न सांगितलेलं वाक्य उच्चारलं होतं: दुसऱ्या वर्षाला भौतिक रसायनाच्या दुसऱ्या पेपरात मी नापास झाले, म्हणून सोडलं.

“काय म्हणालात?” तिनं विचारलं.

“हे बघा ना.” बाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. “आधी एकतीस आहेत, बरोबर. पण तुम्ही फेरतपासणीचा अर्ज केला होता. पुरवणी मोजायची राहिली होती, असा शेरा आहे. सुधारित गुण अठ्ठावन्न. पत्र घरच्या पत्त्यावर पाठवलं, तारीखसुद्धा आहे.” मग त्यांनी सहज, खरोखरच काही टोचावं असं मनात नसताना विचारलं, “तुम्ही विचारायला आला नाहीत का नंतर?”

ती पडद्याकडे बघत राहिली. अठ्ठावन्न. पत्ता बरोबर होता, खोली क्रमांकासकट. तिच्या कानांत एक बारीक शिट्टी वाजू लागली, पाणी उकळायच्या आधी किटलीतून येते तशी. सल्लागार बाई पुढं बोलतच होत्या. अर्थात त्याचा आता उपयोग नाही, दहा वर्षांपेक्षा जुना कुठलाच विषय धरत नाहीत, त्यामुळं आपल्याला पहिल्या सत्रापासूनच सुरुवात करायची आहे. गणित एक, सामान्य रसायन एक, आणि त्याचं प्रॅक्टिकल. पहिल्या चार आठवड्यांत फक्त उपकरणांची ओळख असते, पिपेट कशी धरायची, ब्युरेट कशी वाचायची, अगदी सोपं आहे, घाबरू नका. “मी तेवीस वर्षं ब्युरेटच वाचते आहे,” ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं मान वर करून पाहिलं. बाई म्हणाल्या, “हो, पण नियम सगळ्यांना सारखा आहे, मॅडम.” त्यांनी आखलेला कागद दुमडून तिला दिला. दहा सत्रं, पाच वर्षं. तो घेऊन ती उठली तेव्हा तिला आभार मानल्याचंही आठवत नव्हतं. बहुधा मानले असावेत. तोंडाला तशी सवय होती.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली, तरी तिला बाहेरचं काही दिसत नव्हतं. ती परीक्षेच्या त्या हॉलमध्ये होती, तिसऱ्या रांगेत, पाय हलणाऱ्या बाकावर. वडील जाऊन सात आठवडे झाले होते. शेवटचा प्रश्न उष्मागतिकीचा, तीस गुणांचा, आणि उत्तरपत्रिका संपलेली. तिनं हात वर केला होता, पर्यवेक्षकानं पुरवणी आणून दिली होती, आणि ती सलग लिहीत सुटली होती, एकही खाडाखोड न करता, एक पायरी दुसरीला जन्म देत होती आणि शेवटी दोन्ही बाजू समान आल्या तेव्हा तिला हॉलमध्ये मोठ्यानं हसावंसं वाटलं होतं. पुरवणी बांधायला दोरा देताना पर्यवेक्षक म्हणाला होता, नीट गाठ मार. तिनं गाठ मारली होती. तिला ती गाठ आठवत होती. मग निकाल, एकतीस. त्या आकड्यानं तिला जे सांगितलं ते असं होतं, की तुला जे कळलं असं वाटतं ते तुला कळलेलं नसतं. पेपर अवघड गेला असता आणि नापास झाली असती तर ती पुन्हा बसली असती. पण जो पेपर आपल्याला आला त्यातच आपण नापास, म्हणजे आपल्या आतलं मोजमापच खोटं. या एका निष्कर्षावर तिनं सव्वीस वर्षांचं घर बांधलं होतं. पाणी खात्याच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागली. दोन वर्षांनी लग्न झालं, पगार माहेरी जातच राहिला. मुलगी शाळेत असताना रसायनाचं पुस्तक घेऊन आली तेव्हा ती लेकीला म्हणाली, मला नीट येत नाही गं, तू शिकवणी लाव. येत होतं. सगळं येत होतं. मुलीच्या शिकवणीच्या बाई एक समीकरण चुकीचं लिहून देत होत्या, तेही तिला दिसत होतं, आणि तरी ती वही मिटून परत देत होती, कारण नापास बाईनं पास बाईची चूक कशी काढायची?

विचारायला आला नाहीत का. गेले होते, ती मनात म्हणाली. एकदा फाटकापर्यंत गेले होते. अर्ज करून दोन महिने झाले होते, नोकरीचा तिसरा आठवडा होता. फाटकाशी वर्गातल्या दोघी उभ्या होत्या, हातात तिसऱ्या वर्षाची नवी पुस्तकं. त्यांनी हाक मारायच्या आत ती वळली होती. फाटकापासून कार्यालयाच्या खिडकीपर्यंत फार तर चाळीस पावलं, आणि तिनं ती टाकली नाहीत. पण पत्र? पत्र तर घरी आलं होतं. वडील नव्हते. भाऊ नऊ वर्षांचा, बहीण सात. दुपारी घरात एकच माणूस असायचं.

ते माणूस आत्ता तिच्याच घरात, मागच्या खोलीत, पलंगाच्या काठावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतं. गेली अकरा वर्षं आई तिच्याकडेच होती. भावाच्या घरात जागा नव्हती आणि बहीण लांब होती, आणि दोघंही फोनवर म्हणायची, ताई आहे म्हणून आम्हाला काळजी नाही. आईचं वय अठ्ठ्याहत्तर, कान शाबूत, गुडघे गेलेले, घडी मात्र अशी घालायची की इस्त्रीवाल्यानं लाजावं. तिनं पर्स टेबलावर ठेवली, चप्पलसुद्धा काढली नाही, आणि दारात उभी राहिली.

“आई, मी कॉलेजात असताना फेरतपासणीचं पत्र आलं होतं?”

तिला वाटलं होतं, आई विचारेल, कसलं पत्र. किंवा आठवत नाही म्हणेल. या वयात ती सोय असते. आईनं हातातल्या उशीच्या खोळीची घडी पूर्ण केली, वरून तळवा फिरवला आणि म्हणाली, “आलं होतं.”

“तू वाचलंस?”

“मला वाचता येतं.”

“मग?”

“मग काय. फाडलं.”

इतकं सरळ. ती चिडायला म्हणून जी उंच शिडी चढून आली होती ती एकदम पायाखालून काढून घेतल्यासारखं झालं. “फाडलं,” ती म्हणाली. “मी पास आहे असं त्यात लिहिलं होतं आणि तू ते फाडलंस.”

“तुला नोकरी लागून महिना झाला होता. ती दोघं लहान होती. मी कुठं कामाला जाऊन किती आणणार होते? पत्र दाखवलं असतं तर तू परत कॉलेजला गेली असतीस.”

“गेले असते.”

“मग तेच.” आईनं पुढचा टॉवेल ओढला. “आणि तूच म्हणायचीस ना, बरं झालं सुटले. रोज म्हणायचीस. कामावरून आलीस की म्हणायचीस, सुटले बाई त्या कटकटीतून. मी म्हटलं, सुटली आहे तर सुटू दे.”

ती म्हणाली होती. हेच तर वाईट होतं. आईच्या आवाजात ते वाक्य ऐकताच तिला आपलाच तो आवाज आठवला, वीस-एकवीस वर्षांचा, खोटा, खणखणीत. नळाखाली तोंड धुता धुता ती म्हणायची, बरं झालं सुटले. कारण आईनं रडलेलं बघू नये. कारण झाकली मूठ. आणि त्या मुठीवर आईनं वरून आपली मूठ ठेवली, आणि दोघी सव्वीस वर्षं तशाच बसून राहिल्या. “मी खोटं बोलत होते,” ती ओरडली. “तुला कळत नव्हतं मी खोटं बोलते आहे ते? तू माझी आई ना?” आईचा टॉवेलावरचा हात थांबला. “कळत होतं,” ती म्हणाली. “पण मला ते सोयीचं होतं.”

त्या रात्री तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बस आगारात वेळापत्रकं लावायचा, शांत माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. लग्नापासून तो चारचौघांत अभिमानानं सांगत आला होता की आमच्या हिची हुशारी दांडगी, पण परिस्थितीमुळं शिक्षण सुटलं. नापास झाल्याचं ऐकून तो म्हणाला, “हे मला का नाही सांगितलंस कधी?” तिला हसू आलं, कडू. इतकं घडलं त्यात याला हे लागलं. मग तो म्हणाला, “जाऊ दे. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई ती. आता काय बोलणार तिला?” “तेव्हा ती बावन्न वर्षांची होती,” ती म्हणाली. “माझ्या आत्ताच्या वयाहून पाचच वर्षांनी मोठी. धडधाकट. पत्र वाचून, समजून, फाडण्याएवढी धडधाकट.” तो काही बोलला नाही. त्याचं काही न बोलणं तिला एरवी आवडायचं. आज वाटलं, या घरात सगळ्यांनाच गप्प बसणं फार छान जमतं.

शुक्रवारी ती कामावर गेली. पाणी खात्याची प्रयोगशाळा म्हणजे तीन लांब टेबलं, रोज सकाळी शहराच्या बावीस ठिकाणांहून येणाऱ्या बाटल्या, आणि खिडकीतून दिसणारी गाळणीची चौकोनी टाकी. क्लोरीन किती, गढूळपणा किती, जडपणा किती. तेवीस वर्षं या टेबलावर आणि त्याआधी तीन वर्षं बाटल्या धुण्यात. तिनं तपासायचं, आकडे लिहायचे, आणि अहवालाखाली सही केमिस्टची, कारण सहीला पदवी लागते. तिच्या देखत चार केमिस्ट आले. चौघांनाही पहिले सहा महिने तिनंच शिकवलं, कुठल्या भागातलं पाणी कसं वागतं, कुठली पंपाची लाइन पावसाळ्यात दगा देते. आत्ताची चौथी, चोवीस वर्षांची, सगळे तिला धाकट्या मॅडम म्हणायचे. साधी, कष्टाळू मुलगी, उगाच तोरा मिरवणारी नव्हे, आणि म्हणूनच तिच्यावर रागावणं फार अवघड जायचं. अकराच्या सुमाराला धाकट्या मॅडम वही घेऊन आल्या. “बाई, या तीन सॅम्पलचा जडपणा फार वाटतोय. पुन्हा लावता का?”

तेवीस वर्षं ती अशा वेळी म्हणत आली होती, हो, लावते. आकडा बरोबर आहे हे ठाऊक असतानाही लावायची, तोच आकडा आणून द्यायची, मान खाली घालून, जणू तो दुसऱ्यांदा बरोबर आला हा योगायोग. आज तिच्या हातात फ्लास्क होता, त्यातलं लालसर पाणी निळं होण्याच्या बेतात होतं, एक थेंब कमी. तिनं तो थेंब सोडला, निळं झालं, आकडा वाचला, लिहिला, आणि मग वळली. “आकडे बरोबर आहेत,” ती म्हणाली. “शंका असेल तर तुम्ही लावून बघा.” बाटल्या धुणारी बाई नळ बंद करून उभी राहिली. धाकट्या मॅडमचा चेहरा लाल झाला. पण त्यांनी ॲप्रन घातला, ब्युरेट भरली आणि उभ्या राहून तिन्ही सॅम्पल लावली. अर्ध्या तासानं त्या आल्या. “तेच येतायत बाई. सॉरी.” त्यांनी ते मनापासून म्हटलं. तिला वाटलं होतं, अशा एखाद्या क्षणी आपल्याला थंडगार वाटेल. उलट आतलं आणखीच तापलं. म्हणजे हे इतकं सोपं होतं? एक वाक्य? हे वाक्य ती पहिल्या केमिस्टला म्हणू शकली असती, दुसऱ्याला, तो तर सरळसरळ अडाणी होता, त्यानं एकदा तिचा बरोबर आकडा खोडून पाठ्यपुस्तकात शोभेल असा लिहिला होता आणि ती बघत उभी राहिली होती. शहर महिनाभर ते पाणी प्यायलं. कुणी मेलं नाही, हे नशीब. तिनं तोंड उघडलं नाही कारण तिच्या आत कुठंतरी एकतीस लिहिलेलं होतं. आणि तो आकडा केव्हाच खोडलेला होता, फक्त ते तिला कुणी कळवलं नव्हतं.

शनिवार-रविवार ती आईशी बोलली नाही. गोळ्या वाटीत काढून ठेवल्या, पाण्याचा पेला ठेवला, अंघोळीला हात दिला, गुडघ्यांना मलम चोळलं, सगळं नेहमीसारखं, फक्त शब्द नाही. चोळताना तिला जाणवलं की आपली बोटं नेहमीपेक्षा जोरात दाबतायत. आईनं हूं की चूं केलं नाही. तिनं जोर कमी केला आणि त्याचाही तिला राग आला. शरीराला रागावताच येईना, ते आपलं शिकलेलं करत राहिलं. दुपारी ती जेवणाच्या टेबलावर तो आडवा कागद पसरून बसली. गणित एक, गणित दोन, मग भौतिक एक, मग भौतिक दोन. सेंद्रिय वेगळ्या रांगेत, विश्लेषण तिसऱ्या. तिनं पेन्सिलीनं स्वतः मांडून पाहिलं: हे इकडे ओढलं तर? सेंद्रिय दोन उन्हाळ्याच्या सत्रात? आखता आखता तास कसा गेला कळलं नाही. फार वर्षांनी कशात तरी असं डोकं खुपसलं होतं. आणि मग, कागदावर वाकलेली असतानाच, एक विचार मागून येऊन मानेवर बसला: पत्र मिळालं असतं, तर मी गेले असते का? खरंच गेले असते? दोन लहान भावंडं, आई अशी, वडील नाहीत, हाती नोकरी. कदाचित नसते गेले. पास आहे हे कळूनही तिथंच राहिले असते, त्याच टेबलावर, त्याच बाटल्यांशी. पण मग पास झालेली बाई राहिली असती. दुसऱ्या केमिस्टनं आकडा खोडला तेव्हा त्याचा हात धरला असता. मुलीला स्वतः शिकवलं असतं. नोकरी घरानं घेतली, ठीक आहे, घराला हवीच होती, ती तिनं दिलीच असती. पण ते अठ्ठावन्न कुणाला लागत होते? त्यानं कुणाचं पोट भरणार होतं? ते तरी तिचे तिला ठेवायचे होते. तिला वाटलं, आत जाऊन आईला हे सांगावं. पण मग बोलावं लागलं असतं.

सोमवारी अर्धी रजा टाकून ती पुन्हा सल्लागार बाईंसमोर बसली. “पहिल्या सत्राचं प्रॅक्टिकल मी घेणार नाही,” ती म्हणाली. “तुमच्या नियमपुस्तकात परीक्षा देऊन सूट मिळते असं लिहिलंय. पान एकोणीस.” बाईंनी पान काढलं, वाचलं, भुवया उंचावल्या. अशी सूट कुणी मागितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी दोन फोन केले. तासाभरानं ती तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत उभी होती, आणि प्रॅक्टिकलचे सर, तिच्याच वयाचे, कपाळाला आठ्या, एका बाटलीकडे बोट दाखवून म्हणत होते, “यात काय आणि किती ते काढा. दोन तास आहेत.” ओल्या लाकडाचा आणि आम्लाचा तोच वास. सव्वीस वर्षांत टेबलं बदलली होती, वास नाही. तिला भरून येईल अशी भीती वाटली, पण आतल्या रागानं त्याला जागाच ठेवली नव्हती. तिनं ब्युरेट उचलली, उजेडासमोर धरली, तोटी फिरवून पाहिली. “ही गळते,” ती म्हणाली. “दुसरी द्या.” सरांनी दुसरी दिली. पन्नास मिनिटांत तिनं तीन वाचनं कागदावर लिहून पुढं सरकवली. तिन्हींत दुसऱ्या दशांश स्थळाचा फरक. सरांनी खिशातल्या चिठ्ठीशी ताडून पाहिलं आणि चष्मा काढला.

“कुठं काम करता?”

“पाणी खात्यात. तपासते.”

“मग इथं कशाला आलात?”

“सही करायला,” ती म्हणाली. “मी तपासते आणि सही दुसरं कुणी करतं.”

सर थोडं हसले, पण चेष्टेनं नव्हे, आणि सूट मागणाऱ्या अर्जावर आपली सही केली. वर आल्यावर सल्लागार बाईंनी लाल पेन्सिलीनं पहिली चौकट खोडली. मग त्यांनी बोटानं बाण पुन्हा मोजले आणि ओशाळून म्हणाल्या, “तरी वर्षं पाचच लागतायत, मॅडम. प्रॅक्टिकल सुटलं, पण गणिताशिवाय भौतिक मिळत नाही ना. ती रांग लहान होत नाही.” “मग भौतिक दोन मला द्या,” ती म्हणाली. “मी पास आहे.” “हो. तुम्ही पास आहात.” बाईंनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. “आणि तुम्हाला तो पुन्हा द्यावा लागेल.” पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर नियमाबद्दल थोडी लाज दिसली. “मला वाईट वाटतं,” त्या म्हणाल्या. तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. ही पोर तेव्हा तीन-चार वर्षांची असेल, पाटीवर रेघोट्या ओढत असेल. हिच्यावर कसलं चिडायचं? आणि त्या विद्यापीठावर चिडावं, तर ज्यानं पुरवणी मोजली नाही आणि मग एक पत्र टाकून हात झटकले, त्याला तोंड कुठं होतं? फाटकाशी वळलेल्या त्या मुलीवर चिडावं, तर ती इतकी बारीक, इतकी घाबरलेली दिसत होती की तिच्यावर हात उगारवेना. तिनं कागद जवळ ओढला. “सेंद्रिय दोन उन्हाळ्यात टाका,” ती म्हणाली. “आणि गणित मंगळवारचं नको, सोमवारचं. मंगळवारी नदीकडची सॅम्पल येतात, मला उशीर होतो.” बाई लिहू लागल्या. कुठला विषय कशावर बसतो ते ती स्वतःच सांगत गेली, दोनदा तिनं बाईंना थांबवलं, एकदा त्यांचा बाण चुकला होता तो दाखवला, आणि शेवटी, विद्यार्थ्याची सही, अशा जागी सही केली. कागद संपला तेव्हा बाहेर दिवे लागायच्या बेतात होते.

घरी आई पलंगावर बसून होती. आज समोर कपडे नव्हते. हात नुसते मांडीवर. तिनं खोलीतला दिवा लावला, गोळ्यांची डबी काढली, वाटीत दोन पांढऱ्या, एक पिवळी. आई तिच्याकडे बघत होती. चार दिवसांत पहिल्यांदा आईनंच तोंड उघडलं.

“घेतलंस नाव कॉलेजात?”

ती गोळ्या मोजत राहिली. मोजायला काही नव्हतं, तीनच होत्या. “घेतलं,” ती म्हणाली.

“मी चुकले म्हणू का?” आईनं विचारलं. “तू म्हणत असशील तर म्हणते. पण मला तसं वाटत नाही. त्या दोघांची पोटं भरली. मला पुन्हा तेच करावं लागलं तर मी पुन्हा तेच करीन.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “नको म्हणूस. मी तुला माफ केलेलं नाही. करीन असं वाटतही नाही.”

“बरं,” आई म्हणाली. जणू दुधाचा हिशेब पटला. मग विचारलं, “किती वर्षांचं आहे?”

“पाच.”

आईचे ओठ हलले. अठ्ठ्याहत्तर आणि पाच. तिनंही ती बेरीज आधीच केली होती, परतीच्या बसमध्ये, आणि त्या आकड्यापाशी येऊन तिचा सगळा राग एकाएकी थरथरला होता, कारण जिच्यावर तो टाकायचा तीच उरली नाही तर तो न्यायचा कुठं? तिनं वाटी आईच्या हातात दिली आणि पाण्याचा पेला पुढं केला.

“तोवर तू मरायचं नाहीस,” ती म्हणाली. आवाज कडक निघाला, आणि तिनं तो मऊ करायचा प्रयत्न केला नाही. “कळलं? सगळं तुझ्या डोळ्यांदेखत होणार आहे.”

आईनं तिन्ही गोळ्या एकदम तोंडात टाकल्या, पाणी प्यायली, आणि पेला परत दिला.

“आणि नापास झालीस तर?”

“तर सहा,” ती म्हणाली, आणि मलमाची बाटली घेऊन आईच्या पायाशी बसली.